कोळशाच्या तळघरातला पियानो कोणाला

मी, बोडिल थ्राने, कै. आक्सेल थ्राने यांची पत्नी, वय ब्याऐंशी, राहणार व्हेस्टरब्रो, कोपनहेगन, व्यवसाय संगीताचे तळघर चालवणे (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाबद्दल त्यांना शंका आहे, पण मृत्युपत्राला हृदय लागत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही आणि मला दारूही पाजलेली नाही. पाजली असती तर मी जास्त उदार झाले असते. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात मी सर्व काही माझा मुलगा टॉर्बेन याला दिले होते. ते मी याद्वारे रद्द करते.

कलम १. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी वकील इंगर होल्क यांना नेमते. त्यांनी मला बजावले आहे की मृत्युपत्रात कारणे लिहायची नसतात.

"नुसतं कोणाला काय ते लिहा, बोडिलबाई," त्या म्हणाल्या. "कारणं लिहिली की मागचे लोक भांडतात."

"भांडू देत की," मी म्हणाले. "मी गेल्यावर निदान काहीतरी आवाज होईल या इमारतीत."

कलम २. तिसऱ्या मजल्यावरचे माझे राहते घर विकावे. त्यातून आणि माझ्या इतर मिळकतीतून कायद्याने मुलाला जो किमान वाटा द्यावाच लागतो तो टॉर्बेनला द्यावा. त्याहून अधिक काही देऊ नये. हा वाटा मी देत नसून कायदा देत आहे, हे त्याला तोंडी सांगावे. माझी सून सूसे हिला स्वयंपाकघरातली निळी चहादाणी द्यावी. तिने माझ्याशी कधी खोटी गोडी दाखवली नाही. तिला पहिल्या दिवसापासून मी आवडत नव्हते आणि तिने ते लपवले नाही. घरात असे माणूस एक तरी असावे.

कलम ३. याच इमारतीखालचे 'कोळशाचे तळघर' ही माझी मिळकत कधीच नव्हती. ती भाड्याची जागा होती आणि आता तीही नाही. म्हणून हे कलम कोणालाच काही देत नाही. तरीही ते मला लिहायचे आहे.

मी डेन्मार्कच्या उत्तर टोकाच्या जटलंडमधली. आमच्या घरी नाचणे हे पाप होते, पत्ते हे पाप होते, आणि रविवारी शीळ घातली तर वडील जेवणाच्या टेबलावरून उठून जात. शिवणकाम शिकायला म्हणून मला कोपनहेगनला मावशीकडे धाडले. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी परत येताना फुटपाथला लागून असलेल्या एका जाळीच्या खिडकीतून सॅक्सोफोन ऐकू आला. मी गुडघे टेकून आत पाहिले. धुरात पंधरावीस माणसे बसली होती, आणि त्यातले एकही माणूस उठून जायच्या बेतात दिसत नव्हते. माझे मोजे गुडघ्यांवर फाटले. मावशीने विचारले तेव्हा मी "पडले" म्हणाले, आणि ते काही अगदीच खोटे नव्हते.

पियानोवर होता तो आक्सेल. पुढे आम्ही लग्न केले आणि मैफलींसाठी ही कोळसा साठवायची जागा भाड्याने घेतली. भिंती कितीही वेळा रंगवल्या तरी पहिल्या महिन्यात पाहुण्यांच्या कोपरांना काळे लागत असे; म्हणून तेच नाव ठेवले. आक्सेल वाजवायचा, दार मी सांभाळायचे. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. मला ऐकता येते. या शहरात ते फार थोड्यांना येते. ज्यांना कोणी उभे करत नव्हते अशा पोरांना मी पहिला मंच दिला. त्यातले काही पुढे मोठे झाले आणि मुलाखतींतून माझे नाव विसरले. त्यांच्यावर माझा राग नाही. आहे, पण या कागदावर जागा नाही.

आक्सेल गेल्यावर लोक म्हणाले, आता बंद करेल. मी केले नाही. त्या हिवाळ्यात दुसऱ्या मजल्यावरचे घर रिकामे झाले. मी सोसायटीच्या अध्यक्षाकडे खेटे घातले आणि ते टॉर्बेनला मिळवून दिले. मुलगा, सून, पुढे नात आस्ता, सगळे एका जिन्यावर! मी तेव्हा फार खूश होते. ही नोंद मुद्दाम करते.

कलम ४. सोसायटीचे अध्यक्ष फ्लेमिंग क्राग यांना मी सभेचा लाकडी हातोडा देते. तो मी तळघराचा निकाल लावणाऱ्या सभेतून उचलून आणला होता आणि ते तो अजून शोधत आहेत.

ती सभा अशी झाली. तळघराच्या आवाजाबद्दल पालिकेकडे तक्रारी जात होत्या. कोण करते ते कळत नव्हते. माझा संशय चौथ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यावर होता. ते दोघे रात्री आठ वाजता पडदे ओढत आणि जिन्यात माझ्याकडे पाहून आजारी माणसाकडे पाहावे तसे हसत. मग वार्षिक सभेत ठराव आला: तळघराचा करार पुढे वाढवू नये. धुण्याच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, कॉफी होती, दालचिनीचे गोल पाव होते. मी बोलले. बरे बोलले असावे, कारण दोन बायका रडल्या. मग क्राग म्हणाले, "ठरावाच्या बाजूने असलेल्यांनी हात वर करा."

हात वर गेले. मी मान वळवून पाहत होते. निम्मे होते, निम्मे नव्हते. तेवढ्यात माझ्या शेजारच्या खुर्चीतून टॉर्बेनचा हात वर गेला. मला वाटले तो केस सारखे करतोय.

"टॉर्बेन, हात खाली घे," मी कुजबुजले. "मोजताहेत."

"माहीत आहे, आई," तो म्हणाला.

त्याने माझ्याकडे पाहिले नाही आणि हातही खाली घेतला नाही. क्रागने मोजले, पुन्हा मोजले आणि हातोडा आपटला. एका हाताने ठराव पास झाला.

जिन्यात मी त्याला गाठले. "त्या तक्रारी तूच करत होतास?"

"पहिली मी केली. नंतरच्या इतरांनी."

"का रे? मी काय वाईट केलं तुझं?"

"मला झोप लागत नाही, आई."

"मग कानात बोळे घाल."

"लहानपणी तूच घालायचीस. मेणाचे. आणि कोट ठेवायच्या खोलीत झोपवायचीस."

"अरे, तुझ्या उशाशी जगातले उत्तमोत्तम लोक वाजवत होते! कुठल्या मुलाच्या नशिबात असतं हे?"

"ते लोक तुझ्यासाठी यायचे. मी त्यांच्या ओल्या कोटांवर झोपायचो, आणि निघताना कोणीतरी मला उचलून बाजूला ठेवायचं. मला आस्ताला तिच्या स्वतःच्या अंथरुणात झोपवायचंय. एवढंच मागतोय मी."

यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याला पाठ असेल.

तळघर वसंतात बंद झाले. आता तिथे सोसायटीच्या सायकली असतात. कोणी कुलूप लावायला खाली उतरते तेव्हा दिव्याची कळ मी बसवलेलीच दाबते, आणि ती कुठे आहे ते चाचपडून शोधते.

कलम ५. माझी ग्रामोफोनची यंत्रे व सर्व तबकड्या नात आस्ता हिला. तिला झोप उत्तम लागते, हे मी पाहिले आहे. तिला आवडले नाही तर तिने विकावे. कीव म्हणून ठेवू नये.

कलम ६. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून, पुरेल तोवर, दर गुरुवारी प्रेबेन हॉस्ट यांच्या कालव्याकाठच्या क्लबात पुढच्या रांगेतल्या दोन जागा राखून ठेवाव्या. त्या जागा, त्या सभेत हात वर करणाऱ्यांपैकी जो येईल त्याला द्याव्या. आपण काय बंद केले ते त्यांनी एकदा तरी ऐकावे. ऐकून त्यांना पश्चात्ताप होईल अशी माझी समजूत नाही. बहुतेक जण मध्यंतरात उठतील. तरी जागा असावी.

हे कलम वाचताना वकीलबाई थांबल्या. "मग यात टॉर्बेनही येतो. त्याला वगळायचं का?"

मी उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "त्यानं हात वर केला होता की नाही?"

"केला होता."

"मग येतो."

याला कोणी माफी समजू नये. दोन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवशी तो मला बंदरावरच्या नव्या संगीतगृहात घेऊन गेला होता. तिकिटे चांगली काढली होती, माझा हात धरून पायऱ्या चढवल्या. दुसरी रचना सुरू झाली आणि त्याची मान खांद्यावर पडली. तोंड किंचित उघडे. माझ्या पलीकडच्या बाई म्हणाल्या, "अहो, त्यांना जरा कोपर मारा, घोरतील." मी म्हणाले, "झोपू द्या. त्यानं ही झोप फार महाग विकत घेतली आहे." शेवटपर्यंत मी वादकांकडे पाहिले नाही, त्याच्याकडे पाहत बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझे एका मैफलीकडे लक्ष नव्हते, आणि त्याबद्दलही मी त्याला क्षमा केलेली नाही.

कलम ७. आक्सेलचा पियानो प्रेबेन हॉस्ट यांना.

हे वाचून शहरातले जुने लोक हसतील. प्रेबेनने माझी सर्वांत चांगली गायिका पळवली. माझ्या जाहिरातींवर आपल्या जाहिराती चिकटवल्या. मी त्याच्या दाराशी अग्निशमन दलाचे अधिकारी पाठवले, आणि त्याने माझ्याकडे आरोग्य खात्याचे. आक्सेलच्या अंत्यविधीला तो मागच्या बाकावर बसला म्हणून मी प्रार्थनेतच त्याला बाहेर काढायला सांगितले होते. तळघर बंद झाल्यावर शहराने शोक केला, वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या, आणि मग कोणी फिरकले नाही. एक दिवस बेल वाजली. दारात प्रेबेन, टोपी हातात.

"काय, माझ्या मढ्यावर नाचायला आलास?" मी म्हणाले.

"तसंच ठरवून निघालो होतो," तो म्हणाला. "जिना चढेपर्यंत मजा गेली. आता मी कोणापेक्षा बरा म्हणायचं, सांग बरं?"

त्या दिवसापासून तो मला दर गुरुवारी आपल्या क्लबात पुढच्या टेबलाशी बसवतो. मी त्याला सांगते की दिवे वाईट आहेत, ड्रमवाला घाई करतो, आणि दार सांभाळणाऱ्या पोरीला माणसे ओळखता येत नाहीत. तो दुसऱ्या आठवड्यात दिवे बदलून ठेवतो आणि म्हणतो, आपणहून बदलले.

अट: पियानो रोज वाजला पाहिजे. शोभेला ठेवून त्यावर फुलदाणी ठेवल्यास तो काढून घ्यावा. मधला एक स्वर ओलाव्यामुळे दबका येतो, तो दुरुस्त करू नये. आक्सेल त्याला वळसा घालून वाजवायचा, पुढच्यांनीही शिकावे.

कलम ८. माझा अंत्यविधी संध्याकाळी करावा. सकाळी मी कधी कुठे गेलेले नाही. टॉर्बेनने भाषण करू नये. त्याला वाटेल ते त्याने मनात म्हणावे, तेवढे मी त्याच्याकडून नेहमी ऐकत आले आहे. चर्चचा ऑर्गन नको.

कलम ९. हे कलम सह्या करताना वाढवले आहे.

साक्षीला मी प्रेबेन आणि कोपऱ्यावरच्या बेकरीच्या गेर्डाबाई यांना बोलावले होते. प्रेबेन चांगला कोट घालून, स्वतःचे शाईचे पेन घेऊन आला. वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला सही करता येणार नाही."

"का? मी काय चोर आहे?"

"ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मला काय मिळतंय?" तो माझ्याकडे वळला. "बोडिल, शिव्या सोडून तू मला आजवर काय दिलंयस?"

मी त्याला कलम सात वाचायला दिले. त्याने उभ्याउभ्या वाचले. मग चष्मा काढला, खिशात घातला, परत काढला आणि पुन्हा वाचले. "दबका स्वर दुरुस्त करायचा नाही म्हणजे काय," एवढेच म्हणाला, आणि "पाणी हवंय" म्हणून स्वयंपाकघरात गेला. नळ बराच वेळ चालू होता.

त्याच्या जागी तळमजल्यावरच्या स्वेन्ड ओगे उल्डुम यांना बोलावले. तळघराच्या थेट डोक्यावर त्यांचे घर, आणि त्या सभेत त्यांनी हात वर केला नव्हता. म्हणून या कागदात त्यांना काहीच मिळत नाही, आणि म्हणूनच ते साक्षीदार होऊ शकतात. हे मी त्यांना समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बाई, मी बहिरा म्हणून हात वर केला नाही असं सगळे समजतात. माझा एक कान चांगला आहे. रात्री ऐकू यावं म्हणून मी त्या कुशीवर झोपायचो नाही."

मला हे माहीत नव्हते. इतकी वर्षे जिन्यात मी त्यांच्याशी फक्त हवेबद्दल बोलले.

आज गुरुवार आहे. प्रेबेन दाराशी कोट घालून उभा आहे आणि उशीर होतोय म्हणून कुरकुरतो आहे. स्वेन्ड ओगेंनाही आम्ही बरोबर नेतो आहोत. त्यांचा चांगला कान मंचाकडे येईल असे बसवेन. टॉर्बेन गुरुवारी या वेळी फोन करतो, मी जेवले का ते विचारायला. फोन आताच वाजतो आहे. मी उचलत नाही. सही करते.

सही: बोडिल थ्राने

आम्हा दोघांच्या समक्ष, एकाच वेळी, वरील बाईंनी शुद्धीत व घाईत सही केली.

साक्षीदार १: गेर्डा फॉनेस्बेक, बेकरीचालक
साक्षीदार २: स्वेन्ड ओगे उल्डुम, निवृत्त बसचालक

ठिकाण: कोपनहेगन
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५