बावीस दिवसांचं पिल्लू

मामाजी, त्या सकाळी शेण काढून झालं होतं, सडा टाकला होता, चुलीवर तुमच्या आंघोळीचं पाणी ठेवलं होतं. तुम्ही धानाच्या बांधीवर गेला होता. कोंढ्याहून माझा भाऊ सायकलनं आला तेव्हा कुत्री कुठेतरी बाहेर होती आणि तिची चार पिल्लं गुरांच्या कोठ्यातल्या तणसात एकमेकांवर चढून झोपली होती. मी पांढऱ्या शेपटीचं उचललं, भावाच्या थैलीत घातलं. बावीस दिवसांचं होतं. "मामाजींनीच खुशीनं दिलं," असं भावाला सांगितलं. सासरहून माहेराला द्यावं असं माझं स्वतःचं काहीच नव्हतं. त्या दिवशी वाटलं, हे एक आहे.

तुम्ही आल्या आल्या तणस उचकलं. "एक कुठी गेलं वं, सूनबाई?"

"बोक्यानं नेलं."

"माय असताना बोका कसा नेईन?" एवढंच बोलून तुम्ही विहिरीमागची झुडपं, नाली, सगळं शोधत फिरलात. कुत्री तुमच्या मागे मागे. मी भाताची पेज काढत राहिले.

पिल्लू मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही परत पाठवत होता. "दोन महिने होऊ दे. पिल्लानं आपल्या भावाले जोरानं चावलं का भाऊ बोंबलते, माय दाबते. तवा त्याले समजते, दात किती लावाचे ते."

शेजारचा हसून म्हणायचा, "कुत्र्याले शाळेत घालून राहिले का, बुवा?"

"हो. तुह्या बापानं तुलेबी घातलं असतं त बरं झालं असतं."

मीही तेव्हा पदरात तोंड लपवून हसले होते.

पुढच्या वर्षी भावाच्या मुलीच्या जावळाला तुम्ही माझ्यासोबत कोंढ्याला आलात. अंगणात कुत्रं बांधलेलं, शेपूट तीच. भाऊ कौतुकानं म्हणाला, "पाहा मामाजी, तुमी देलेलं पिल्लू कसं झालं!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "पाहून राहिलो," म्हणालात आणि हात पुढे केलात. ते गुरगुरलं नाही, सरळ अंगठा दातांत धरला. तुम्ही हळूच सोडवून घेतला, दुपट्ट्यात गुंडाळला, पंगतीला डाव्या हातानं पाणी प्यालात.

बसची वाट पाहताना तुम्ही बोक्याचं काही विचारलं नाही. म्हणालात, "तुह्या भावाले सांगजो, हे कुत्रं लेकराजवळ सोडू नको म्हणा. याले समजच आली नाही."

मी हो म्हटलं. पुढे चार वेळा माहेरी गेले. प्रत्येक वेळी शब्द तोंडापर्यंत आले. पण निरोप सांगितला असता तर, मग मामाजींनी इतकं लहान दिलंच कसं, असं भावानं विचारलं असतं, आणि पिल्लू कसं दिलं तेही सांगावं लागलं असतं. ती पोर अंगणात रांगायची, मग चालायला लागली, आणि कुत्र्याचा दोर मला दरवेळी आधीपेक्षा लांब वाटायचा.

एक दिवस तिनं त्याच्यापुढे मुरमुरे धरले. त्यानं तिचा गाल धरला. टाके पडले, इंजेक्शनं झाली. तुम्ही चुलीजवळ येऊन मला म्हणालात, "सांगूनही आयकलं नाही तुह्या भावानं." मी फुंकणी घेऊन चूल फुंकत बसले. त्यानंतर तुम्ही त्याच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि तो राग घेऊनच गेलात. भाची आता तीस वर्षांची आहे. फोटोत अजून तोंड वळवून उभी राहते.

तुमचा लेक गेल्यापासून दुपारी मी वर्तमानपत्र वाचते, हाती येईल ते पुस्तक वाचते. गेल्या महिन्यात एका ठिकाणी वाचलं, पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहू द्यावं. ती ओळ मी बोट ठेवून पुन्हा वाचली. रविवारी माझा मुलगा भंडाऱ्याहून आला आणि आताच्या कुत्रीचं कोठ्यातलं पिल्लू गाडीत ठेवू लागला. अजून महिन्याचंही नाही. घरी त्याची तीन वर्षांची मुलगी.

"पेज पिऊन राहिलं ना ते, आई. पोरगी जीव खाऊन राहिली माझा."

मी तोंड उघडलं.

"काय वं?"

"काही नाही. गाडी हळू चालवजो."

गाडी गेली. कुत्री फाटकाशी उभीच राहिली. नात पिल्लाला मांडीवर घेईल, तोंडाशी तोंड नेईल, हे मला तिथूनच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं भंडाऱ्याला गेले. पिल्लू परत आणायला पदरात घेतलं आणि मुलाला तुमचा निरोप सांगितला, तुमच्याच शब्दांत: "लेकराजवळ सोडू नको. याले समजच आली नाही." तो कोणासाठी दिला होता, ते सांगितलं नाही.