डॉक्टरांचा कोट

दि. ४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

उजव्या तळपायाची जखम पुन्हा उघडली! मधुमेहामुळे वर्षभर चिघळलेली ती जखम डॉक्टरांनी माझ्याच पोटातल्या चरबीतून मूळ पेशी काढून, त्या टोचून भरून आणली होती. ज्या ढेरीची तू आयुष्यभर चेष्टा केलीस, तिनेच पाय वाचवला म्हणून मी मिरवत होतो. आता डॉक्टरही चक्रावलेत. पुढच्या आठवड्यात पाऊल कापायचं म्हणतात.

माझं काय चुकलं तेच कळत नाही. पायावर अजिबात जोर नको म्हणाले, तर मी खुर्ची सोडली नाही. ही चहासुद्धा शिलाई मशीनवर आणून देते. डॉक्टरांसाठी कोट शिवतोय, त्यांचे उपकार दुसरे कसे फेडू?

माया आहे तशीच असू दे.
तुझा धाकटा

दि. ८ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कोट शिवतोस, आणि पायडल कोण मारतं? तुझी ढेरी? बाबांनी दुकानात शिकवलं तसं त्याच उजव्या पायाने मारत असशील! मधुमेहाने त्या पायाला काही जाणवतच नाही, मग दुखणार कसं? आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांग. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र घेऊन ह्यांनाच धाडतेय. मला रडू आवरत नाहीये.

शिव्या आणि आशीर्वाद, दोन्ही घे.
तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

भावोजींच्या देखत पट्टी सोडली. नव्या कातडीवर पायडलच्या जाळीचा ठसा! पायडलच्या खाचांत रक्त वाळलेलं. ही ते रोज मशीनचं तेल समजून पुसत होती.

डॉक्टर ऐकून म्हणाले, पेशींनी काम चोख केलं होतं, तुम्हीच रोज उसवत होता. कापणं तूर्त थांबवलंय. पाय प्लॅस्टरमध्ये ठेवून पुन्हा एकदा पेशी टोचणार. हमी देत नाहीत, मला भीती वाटते. ढेरी मात्र अजून शिल्लक आहे.

कोटाची एक बाही राहिलीय. हिने मशीनचा पट्टा काढून लपवलाय, फक्त तुझ्या हातात देईन म्हणते. ये ना. कापड मी धरतो, पायडल तू मार.

वाट पाहणारा,
तुझा धाकटा