लांबलेलं गीत

३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे हे विचारत नाही. मागे विचारलं तर गुडघा गुडघ्याच्या जागी आहे, असं तोडून टाकलंस. इथे सगळे बरे. हिचा खोकला थांबला.

सोबत माझा राजीनामा जोडला आहे. शाळेतले माझे सगळे निबंध तू तपासलेस, एवढंही तपासून दे. सतरा तारखेला चर्चच्या मंडळीच्या पंचांची बैठक आहे, तिथे वाचायचा आहे. कारण त्यात लिहिलंच आहे: माझा विश्वास उरलेला नाही. आठ महिने झाले. प्रार्थनेला बसतो तेव्हा रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं वाटतं. रविवारी उपदेश करतो आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरताना स्वतःलाच लबाड वाटतो. पाळकाने निदान खोटं बोलू नये, एवढं अजून कळतं. हिला सांगितलेलं नाही. तुला सांगतोय, कारण तू रडणार नाहीस.

रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र तपासून परत पाठवलं आहे. अक्षर अजूनही कोंबडीचं आहे. लाल शाईने एकच वाक्य खोडलं आहे, विश्वास उरला नाही हे. भाषा शुद्ध आहे, मजकूर खोटा आहे. आटलं आहे ते तुझं वाटणं. विश्वास आणि वाटणं एकच असतं, तर माझं डोकं दुखेल त्या त्या दिवशी मी नास्तिक ठरले असते.

शिंप्याच्या आंधळ्या बायकोला तू दर गुरुवारी वाचून दाखवतोस, हे तुझ्या बायकोने मला कळवलं आहे. छापखान्यातल्या कामगाराचा हात गेला, तेव्हा त्याच्या खाटेशी अकरा दिवस कोण बसलं होतं? हे सगळं याच आठ महिन्यांतलं आहे. बायबलातल्या आजारी मुलाच्या त्या बापावर तूच किती वेळा उपदेश केलास. विश्वास आहे आणि नाहीही, असं तो एका दमात म्हणाला. प्रभूने त्याला दारातून परत लावलं नाही.

आणि आईला आठव. देवळातल्या ऑर्गनमागची ती फळ्यांची अंधारी खोली, तेलाचा आणि जुन्या चामड्याचा वास, ऑर्गनला हवा पुरवणाऱ्या भात्याचा लाकडी दांडा, दोऱ्याला टांगलेला शिशाचा मणी. भाता भरला की मणी खाली येई, हवा सरत आली की वर चढे. आईला ठार ऐकू येईनासं झालं, तरी नऊ वर्षं ती त्या मण्यावर डोळा ठेवून दांडा मारत राहिली. तिच्या मनगटाची दोरी फळीतल्या भोकातून पलीकडे वाजवणाऱ्या गुरुजींकडे जायची. एक हिसका म्हणजे सुरू, दोन म्हणजे थांब. सूर एकही कानी पडत नव्हता, आणि रविवार एकही चुकला नाही. तू तिच्या पायाशी खोक्यावर बसून गोळी चघळायचास.

वेळेवर जेव. लोभ आहे, त्यात माझी चिडचिडही धर.

तुझी,
ताई


१० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

कार्डावर मावेल तेवढंच लिहितो. आईला मध्ये आणू नकोस. तिचे कान गेले होते, विश्वास शाबूत होता. माझं नेमकं उलट. आठवणच काढायची तर तो रविवारही काढ. गुरुजी दोन हिसके द्यायला विसरले, आणि आई सबंध उपदेशभर दांडा मारत राहिली. भात्याचं कण्हणं देवळाभर ऐकू येत होतं, पोरं फिदीफिदी हसत होती. मी आत खोक्यावर होतो, ताई. कोणी वाजवत नाही हे मला कळत होतं. तिची बाही ओढायला हवी होती. मला लाज वाटली आणि मी पळालो. थांबलेल्या गाण्याला ती वारा घालत होती. मीही आता तेच करतोय.

धाकटा


१३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू पळालास, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. मी कॉलेजच्या सुट्टीत आले होते, तिसऱ्या बाकावर होते. उपासना संपल्यावर मागे जाऊन मीच तिच्या मनगटाची दोरी सोडली. तळहाताला फोड आले होते. झालेला घोटाळा तिला सांगावा म्हणून तिच्या पाटीवर दोन शब्द लिहिलेही, तेवढ्यात ती घाम पुसत म्हणाली की आजचं गीत फारच लांबलं, आणि वाजवतही किती हळू होते.

मी पाटी पुसली. तिला कधीच सांगितलं नाही. मला वाटलं, तिची कीव आली म्हणून पुसली. आता तिच्या वयाची झाले, तर कीव माझीच येते. मला ऐकू येत होतं, आणि मी तिसऱ्या बाकावर बसून तिच्यासाठी शरमत होते. थांब म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती थांबली नाही. इतकंच होतं ते.

तुला दोन हिसके बसलेत का, तेवढं सांग. बसले असतील तर खुशाल सोड. त्या पत्राची स्वच्छ प्रत मी स्वतः करून देईन. नुसतं ऐकू येत नाही म्हणून सोडणार असशील, तर माझ्याकडून शाई मिळणार नाही.

तुझी,
ताई


१८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल बैठक झाली. पत्र खिशातच राहिलं, पण मी गप्प बसलो नाही. आठ महिने मला काही ऐकू आलेलं नाही हे सरळ सांगितलं, आणि नको असेन तर दुसरा पाळक बघा म्हणालो. मग पंचांतल्या शिंप्याने चष्मा पुसत विचारलं की मी गुरुवारी येणार ना, कारण त्याची बायको गोष्टीच्या मधोमध अडकून पडली आहे. येणार म्हणालो. तर मग आता गळक्या छपराचं बघू, असं म्हणून त्याने पुढचा विषय काढला, आणि पाऊण तास सगळे छपरावरून भांडले.

घरी येऊन हिला सांगितलं. तिला केव्हाचंच माहीत होतं. मी कधी बोलतो याची वाट पाहत होती म्हणे.

आईची पाटी तुझ्याकडे असेल तर मला दे. टेबलावर ठेवीन, त्यावर लिहिणार काही नाही.

रोज सकाळी मनगट चाचपून बघतो. हिसका नाही. गीत लांबलं आहे, ताई, आणि वाजवतायत फार हळू.

आहे तो लोभ असू दे.

तुझा, दांड्यावरचा,
धाकटा