अठ्ठ्याण्णव नारळ

आई,

तू जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं, त्यांना तुझ्या हाताखाली वाढावं लागलं नाही. आपण घरात कोंकणी बोलायचो आणि पत्र लिहायची वेळ आली की मराठी काढायचो, म्हणून हेही मराठीतच लिहिते. तू मामाला लिहायचीस त्या पत्रांत पहिली ओळ 'इकडील सर्व क्षेम' अशी असायची. इकडे क्षेम असतं तर मी लिहायला बसलेच नसते.

मी सात वर्षांची असताना मला टायफॉइड झाला, हे मला तुझ्याच तोंडून ऐकून माहीत आहे. म्हापशाच्या इस्पितळात तू तीन आठवडे माझ्या खाटेशी बसून होतीस. माझ्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. तू देवीला सांगितलंस, हिला बरी कर, हिला तराजूत बसवून हिच्या भारंभार नारळ तुझ्या पायाशी घालीन. देवीने ऐकलं. मी नुसती बरी झाले नाही, अंगाने चांगली भरले. सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज दोन वाडगे, चहाबरोबर पोई पाव, दुपारी माशांचं हुमण आणि भाताचा डोंगर. आणि तू तुळाभार पुढे ढकलत राहिलीस. एका वर्षी नारळ चांगले नाहीत, एका वर्षी सुतक, एका वर्षी घर शाकारायचं राहिलंय. मला वाटायचं आपल्याला जमत नाही. घरात काही वाकडं झालं, म्हैस मेली, मी गणितात नापास झाले, की तू माझ्याकडे बघून म्हणायचीस, "तुजो नवस उरला." जसा काही तो मीच बोलले होते.

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी सतरा वर्षांची. कोंकणी की मराठी यावरून बाबा आणि काका वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, ते भांडण निवलं आणि दोघे पुन्हा एका पंगतीला बसायला लागले. त्या आनंदात बाबांनी ठरवून टाकलं की येत्या जत्रेला हिचा तुळाभार करायचाच. तुझ्याकडे कारण उरलं नाही. त्याच सुमाराला काकाला मधुमेह निघाला होता. डॉक्टरने त्याचा भात तोडला आणि आठ-पंधरा दिवसांत त्याची पँट कमरेवरून घसरायला लागली. ते तू बरोबर हेरून ठेवलं होतंस. जत्रेला नऊ दिवस राहिले होते तेव्हा तू माझ्या पुढ्यातला पेजेचा वाडगा उचललास. म्हणालीस, "तुज्या बऱ्याखातीर सांगतां गो बाय. भात सोड." त्याआधी तू मला बाय म्हटल्याचं आठवत नाही.

मी सोडला. पेज, भात, पोई, गूळ, केळी, सगळं. तू खोबरेल तेलात बांगडे तळून देत होतीस, अंडी, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, नारळ भरपूर घातलेली तांबडी भाजी, वर तुपाचा चमचा. पहिले तीन दिवस माझं डोकं ठणकत होतं. पाणी प्यायले की लगेच परसात पळावं लागायचं. तोंडाला काजूच्या आंबलेल्या बोंडूंसारखा वास येत होता आणि मी शाळेत तोंडावर रुमाल धरून बसत होते. पण कुरकुर केली नाही, कारण तू पहिल्या दिवशी मला मुळगावच्या भाताच्या गिरणीत नेऊन गोणी मोजायच्या काट्यावर उभं केलं होतंस तेव्हा एकाहत्तर किलो भरले होते, आणि आठव्या दिवशी भरले सदुसष्ट. गिरणीवाली बाईसुद्धा बघत राहिली. तू माझी हनुवटी धरलीस, गिरणीतला कोंडा लागलेला हात तसाच, आणि म्हणालीस, "पळय, तुजें तोंड आतां कितलें बरें दिसता." घरी येताना तू माझा हात धरून चालत होतीस. सतरा वर्षांच्या मुलीचा हात. सुर्ल्याच्या बाजूने खनिजाचे ट्रक जात होते, लाल धूळ डोळ्यांत जात होती, आणि मला ती वाट संपू नये असं वाटत होतं.

आदल्या दिवशी तू पडवीत नारळ निवडत बसलीस. एकेक हातात तोलायचीस आणि हलके बाजूला टाकायचीस. मी समजले, देवीला चांगले हवेत.

आपल्याकडे तुळाभाराचे नारळ मोठ्याने मोजतात, आणि तो आकडा माणसाला जन्मभर चिकटतो. अमक्याच्या पोराला चाळीस लागले, तमक्याच्या सुनेला ऐंशी, हे लोक लग्नाच्या पंगतीतही काढतात. मी पारड्यात पाय दुमडून बसले. तू मला तुझी हिरवी साडी नेसवली होतीस. मोजणारा मोजत होता आणि मी खरंच खूश होते, कारण तू माझ्याकडे एकटक बघत होतीस. अठ्ठ्याण्णवला माझं पारडं उचललं गेलं. तू सुस्कारा सोडलास आणि बाजूला उभ्या असलेल्या काकीला म्हणालीस. तुमची तोंडं माझ्या कानापासून हातभर दूर होती, आई.

"शंबर जाले नात गो. धा वर्सां म्हज्या पोटांत हेंच भंय आशिल्लें."

काकी म्हणाली, "शंबर जाल्यार लोक हांसपाचेच."

"आतां जाय तें खांव दी तिका," तू म्हणालीस. मोजणी झाली, आता हवं ते खाऊ दे मला.

घरी आल्यावर तू माझ्या पानात भात वाढलास, वर वरण, वर तूप. मी तीनदा मागून घेतला. तू वाढत राहिलीस आणि एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाहीस. चार दिवसांनी मी एकटीच गिरणीत गेले. काटा सत्तरवर थांबला. मला वाटलं मी हावरट, एका पानाने सगळं घालवलं. तुला सांगायची लाज वाटली, आणि तूही परत कधी काट्याचं नाव काढलं नाहीस. तुझं काम झालं होतं. तू देवीकडे माझं वजनच मागितलं होतंस ना? खाटेवरच्या पोरीला अंग धरू दे म्हणून? तिने दिलं, तर ते तुला दहा वर्षं लपवावंसं वाटलं. तू मला फसवलंस. देवीलाही फसवलंस, पण ती तिचं बघून घेईल.

हे सगळं आता का उपटलं, तर माझे दुखरे गुडघे. माझ्या मुलीने मोबाइलवर कीटोचा तक्ता काढून दिला आणि माझा भात बंद केला. मासळी, अंडी, खोबरं, तूप. तक्ता वाचून मला हसू आलं, हा तर तुझा स्वयंपाक. आठ दिवसांत पावणेचार किलो उतरले. तोंडाला तोच वास. ब्लड प्रेशर दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर मुलगी म्हणाली, "मावशी, एवढ्यात हुरळू नका. अंगात जी साखर साठवलेली असते ती आपल्यासोबत पाणी धरून ठेवते. भात सोडला की ती साखर संपते आणि पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यातलं वजन बहुतेक तेच. चरबी सावकाश जाईल. आणि भात खाल्लात की पाणी दोन दिवसांत परत." इतकी वर्षं मी पानात दुसऱ्यांदा भात घेताना मान खाली घालत आले आहे, आणि गेलं होतं ते पाणी, आलं तेही पाणी. तुला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. तेवढं मी सोडून देते. हनुवटीला लावलेला हात मात्र सोडता येत नाही.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही. मुलीला तर नाहीच, ती तुला फार मानते. पण लिहिलंच आहे तर एक सांगून टाकते. पावणेचार किलो उतरलेले दिसले त्या सकाळी, डॉक्टरकडे जायच्या आधी, मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की धावत जाऊन तुला सांगावं. आज तू असतीस तर अजूनही सांगितलं असतं. पाण्याचं तेवढं सांगितलं नसतं.