शेवटच्या ओळीवरचा नांगर

प्रिय येफिम,

अक्षर ओळखलंस का? नसशील ओळखलं तर शेवटचं पान उलटून नाव बघ आणि मग परत इथे ये, पण पत्र फाडू नकोस. तुझा पत्ता तुझ्या पुतणीने, पोस्टातल्या वेराने दिला. देताना अशी काही हसली की मला म्हणावं लागलं, "अगं, तुझ्या काकाला मागणी नाही घालत आहे, जरा विचारपूस करायची आहे." खरंच विचारपूसच आहे. तू तिकडे सैबेरियात तेलविहिरींवर उमेदीची सगळी वर्षं घालवलीस, तिथे म्हणे मे महिन्यातही बर्फ असतं. इकडे ऑक्टोबर लागला तरी अंगणात टोमॅटो पिकतायत. आणि गावात एक भलतंच प्रकरण झालंय, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

उन्हाळ्यात मॉस्कोहून इंगा नावाची एक पोरगी आली, केस मुलासारखे कापलेले, सोबत कॅमेरावाला. गोर्बाचेववर माहितीपट काढतेय म्हणाली. मी म्हटलं, "बाई गं, त्याच्यावर काढायचं शिल्लक काय राहिलंय?" तर म्हणते, राजधानीतले लोक बोलून झाले, परदेशातले बोलून झाले, मला त्याच्या मुलखातली माणसं हवीत. ज्या स्टॅव्ह्रोपोलच्या शेतांत तो पोरवयात कापणीच्या कंबाइनवर बसला, तिथल्या लोकांपाशी त्याचं काय उरलंय ते बघायचंय. ती उतरली माझ्याकडेच, कारण गावात घरातल्या घरात न्हाणीघर असलेल्या बायका दोनच, आणि दुसरी कापा मावशी, जी पाहुण्यांना झोपू देत नाही. इंगा मला प्रश्न विचारायला आली होती, पण तुला माझा स्वभाव माहीत आहे. पहिल्या दोन दिवसांत मीच तिला सोलून काढलं. एका माणसाचं आयुष्य दीड तासात कसं बसवतात, कापलेलं काय करतात, त्याला स्वतःला भेटलीस का. भेटली नव्हती. सगळा सिनेमा जुन्या चित्रफिती आणि आपल्यासारखी माणसं यांच्यावर.

माणसं काय बोलली म्हणशील, तर ऐक. लुकेर्या कॅमेऱ्यासमोर डोक्याला नवा रुमाल बांधून बसली आणि पहिल्याच वाक्याला रडली. "माझा स्त्योपा अफगाणिस्तानातून दोन पायांवर चालत घरी आला तो त्या माणसामुळे. दर रविवारी त्याच्या नावाने मेणबत्ती लावते मी, कुणाला काय म्हणायचं ते म्हणा." कापा मावशी दारातूनच ओरडली, "लाव की! त्या सोडावॉटर साहेबाने द्राक्षाचे मळे ठेवले असते तर मीही लावली असती!" मग तिने आपल्या लेकीच्या लग्नाची गोष्ट सांगितली. गोर्बाचेवच्या दारूबंदीचे दिवस, लग्नात चहाच हवा असा फतवा, म्हणून हिने समोवारमध्ये घरची गाळलेली भरली. तपासायला आलेला तालुक्याचा माणूस तीन कप 'चहा' पिऊन उठला आणि व्यसनमुक्तीवर भाषण ठोकता ठोकता नवरीच्या आजीच्या गळ्यात पडून रडायला लागला. इंगा हसून हसून खाली बसली. माझी पाळी आली तेव्हा मात्र मला धड बोलताच येईना. चांगला का वाईट, असं एका शब्दात सांगायला तो काय कलिंगड आहे? मला एकच कुतूहल होतं आणि ते मी तिलाच विचारलं. तो गव्हाच्या, सूर्यफुलाच्या पट्ट्यातला. आपल्याकडे थंडीआधी वेल आडवे करून मातीखाली निजवतात आणि वसंतात उठवतात, हे त्याने कधी उभं राहून पाहिलं असेल का? इंगाला ठाऊक नव्हतं. तिला तर वेल निजवतात हेच ठाऊक नव्हतं.

आता त्या शरद ऋतूवर यायलाच हवं, नाही का? पंच्याऐंशी सालचा. वेल निजवून झाले होते, मातीचे उंचवटे ओळीने पसरलेले, आणि त्या दारूबंदीपायी वरून हुकूम आला की पंपघरापासून ओढ्यापर्यंतचा सगळा मळा उपटायचा. माझे बाबा, सावेली, त्या मळ्याचे मुकादम. त्यांनी हयात घातली होती त्यात. आणि ट्रॅक्टरवर बसवलं कुणाला, तर तुला. आपलं लग्न नाताळानंतर ठरलं होतं. तू त्या आठवड्यात एकदाही घरी आला नाहीस, काही समजावलं नाहीस, खाली मान घालून सगळ्या मळ्यावर नांगर फिरवलास. आठव्या दिवशी मी आमच्या परसातला सगळ्यात मोठा भोपळा उचलला आणि तुझ्या आईच्या उंबऱ्यावर ठेवून आले. आपल्याकडे मुलाला नकार कळवायचा तो असाच, त्यात बोलावं लागत नाही हे एक बरं. बाबा घरात होते. भोपळा नेताना त्यांनी मला पाहिलं. "ग्लाशा, विचार केलायस ना?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्यासाठीच करतेय." ते बाहेर जाऊन कुऱ्हाडीला धार लावत बसले. मला आजही वाटतं, जे मला दिसत होतं त्यावर मी वागले. त्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही.

तू सैबेरियाला गेलास. एप्रिलमध्ये पंपघराच्या कडेची एक ओळ मातीतून वर आली. अख्ख्या मळ्यातली एकच, पण सगळीच्या सगळी, एकही वेल तुटलेला नाही. गाव म्हणालं नशीब. बाबा म्हणाले, "नांगर घसरला असेल." तालुक्याच्या साहेबाने खांब आणि तारा निघालेल्या पाहिल्या होत्या, मातीचा उंचवटा म्हणजे नांगरलेलीच जमीन अशी त्याची समजूत. बाबांनी ती ओळ मरेपर्यंत सांभाळली, दर थंडीला निजवली, दर वसंतात उठवली. आता मी करते. मध्ये माझं लग्न झालं, रोदियोनशी, गिरणीतल्या. चांगला होता, तुझ्या दसपट बोलायचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

तर गेल्या रविवारी दुपारी इंगा कच्चा सिनेमा घेऊन आली, आधी गावाला दाखवायचा म्हणून. क्लब भरलेला, सगळे सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले. पडद्यावर तो आला, तरुण, टोपी घालून, हात हलवत. लुकेर्याने छातीवर क्रुसाची खूण केली, कापा मावशीने नाक मुरडलं. मग बर्लिनची भिंत, मग मोठमोठे देशोदेशीचे लोक, आणि अचानक आपला मळा! तेव्हा प्रांताच्या टेलिव्हिजनने काढलेली चित्रफीत, काम मुदतीआधी पुरं झालं म्हणून. पुढे साहेबाची गाडी, काचा वर केलेल्या. मागून ट्रॅक्टर येतोय. कापा मावशी किंचाळली, "अगो बाई, हा तर आपला येफिम! काय केस होते मेल्याला!" सगळा क्लब हसला. आणि तुझ्या चेहऱ्यावर इंगाचा आवाज आला की हुकूम पाळणाऱ्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या हातातल्या बिया तशाच राहिल्या. कारण मी चेहऱ्याकडे बघतच नव्हते. पंपघर दिसत होतं, त्याच्या कडेची शेवटची ओळ दिसत होती, तू ट्रॅक्टर चालवत होतास, धूर निघत होता, आणि मागचा नांगर उचललेला होता. हवेत. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोकाशी वळलास आणि मग खाली टाकलास.

सगळे गेल्यावर मी इंगाला म्हटलं, तेवढं परत दाखव. का म्हणून विचारलं तर म्हटलं, जुना ओळखीचा आहे, केस बघायचेत. दुसऱ्यांदा मी कोपऱ्यात पाहिलं. पंपघराच्या सावलीत बाबा उभे होते. तू त्यांच्यापासून चार हातांवरून गेलास, आणि त्यांनी टोपी काढली. येफिम, माझ्या बापाने पक्षाच्या कुठल्या सेक्रेटरीसमोर टोपी काढली नव्हती. प्रेतयात्रा जाताना काढायचे, आणि त्या दिवशी तुझ्यासमोर काढली. मी रुमालात तोंड घालून खोकत राहिले. इंगाने विचारलं, काय झालं? म्हटलं, बियांचं साल अडकलं.

ते तुझ्या चेहऱ्यावरचं वाक्य मला सहन होत नाही. इंगा भली पोरगी आहे, मी सांगितलं तर काढून टाकेल, उलट त्या उचललेल्या नांगरावरच सिनेमा संपवेल. पण ती गोष्ट तुझी आहे. तू हो म्हणालास तर सांगेन, नाही म्हणालास तर ते वाक्य राहू दे, मी दात आवळून बघेन. त्यासाठी दोन ओळींचं कार्ड पुरलं असतं हे मलाही कळतं. हे एवढं पत्र मी लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. काल बाबांच्या थडग्यावर जाऊन मी चांगली भांडून आले, ते काही बोलत नाहीत, तेव्हा सांगायला तूच उरलास. मला भोपळा उचलू दिलात तुम्ही. तुम्हा दोघांना माहीत होतं आणि दोघेही गप्प बसलात. बाहेर फुटलं असतं तर तुझं काय झालं असतं ते मला कळतं, मी लहान नव्हते. पण माझ्या पोटात एक गोष्ट राहणार नाही, असं कुणी ठरवलं? बाबांनी तुला बजावलं होतं, की तुझं तुलाच तसं वाटलं? बाबांनी बजावलं असेल तर तसं लिही, मी त्यांच्याशी माझं बघून घेईन. तुझं तुलाच वाटलं असेल तर लिहू नकोस. इथे ये आणि माझ्या तोंडावर सांग. नांगराचं मी अजून कुणालाही बोललेली नाही, लुकेर्याला नाही, कापा मावशीला नाही, इंगालाही नाही.

तेव्हाही कुणाला बोलली नसती ती, तुझीच,
ग्लाफिरा