बाबाच्या फोटोले हार

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सुमेधच्या रॅपचा व्हिडिओ परत आला. पुण्याच्या चॅनलवाल्यानं फोन केला तवा तो फ्लेक्सच्या दुकानातच होता, माह्या बाजूले. मी बॅनरवरच्या एका भावी नगरसेवकाचे दात पांढरे करून राह्यली होती. स्पीकरवर सगळं ऐकलं. "गाडी, गॉगल, चेन, धूर. हे सगळेच करतात रे. तू विदर्भातला आहेस ना? मग विदर्भाचं काहीतरी दे."

गाडी सरपंचाच्या पुतण्याची होती, चेन जत्रेतली. पोट्ट्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणे, "ताई, इदर्भाचं म्हणजे काय वं?" मी म्हणलं, तू काय लंडनचा होय का, मले इचारतं. मंग वाईट वाटलं. कॉलेज सोडून तो हेच एक धरून बसला आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

इदर्भाचं म्हणजे काय ते चॅनलवाल्यानंच कळवलं. भेगाळलेली जमीन. झाडाले फास. रडणारी माय. भिंतीवर बापाचा हार घातलेला फोटो.

आपल्याले शेत नाही. कधीच नव्हतं. बाबा कापसाच्या जिनिंगमधी हमाल, आजोबा लोकायच्या वावरात. गाणंही जिनिंगचंच आहे, मशीनच्या धडधडीवर बसवलेलं. त्यातली एक ओळ मले लय आवडते, 'भुवईवर रुई, बाप दिसते म्हातारा, आंघोळ केली का पुन्हा जवान.' शेतकरी त्यात कुठंच नाही.

सुमेध म्हणे, "शेत कोनाचंबी चालते. कॅमेऱ्याले सातबारा थोडी दाखवा लागते."

१७ नोव्हेंबर, रविवार

सुट्टीचा दिवस भेगा शोधण्यात गेला. यंदा दिवाळी झाली तरी पाऊस हटला नाही. कपाशीची बोंडं झाडावरच काळी पडून राह्यली, जिकडं तिकडं चिखलाचा गारा. सुमेधचा शूटिंगचा पांढरा बूट एका वावरात रुतला तो दोघांनी ओढून काढला. वावरवाला बुढा धुऱ्याच्या बांधावरून पाहत होता. "काय हरपलं?" भेगा पाह्यजे होत्या, म्हणलं. त्यानं चिखलानं भरलेल्या बुटाकडं पाह्यलं. मंग म्हणे, "उन्हाळ्यात या."

घरी आल्यावर कपडे धुतले. कंबर गेली.

२० नोव्हें., बुध.

डबा द्याले जिनिंगवर गेलती. बाबा रुईच्या गाठीवर बसून बिडी... नाही, तिथं बिडी ओढू देत नाहीत, नुसता बसला होता. मी सुमेधचा गॉगल त्याच्या डोळ्यावर ठेवला. अन् काय सांगू, माणसानं आपोआप पाय फाकवले, हात मांडीवर ठेवले, मान वर. त्या रॅपवाल्यायचे डॉन बसतात तसाच. बाकीचे हमाल शिट्या मारून राह्यले होते. भुवया पांढऱ्या, गॉगल काळा, मागं गाठींची भिंत.

दुकानात आल्या आल्या सुमेधच्या गाण्याचं कव्हर केलं. नावाची अक्षरं मोठी, जाड, रुईसारखी फुगलेली. इतक्या दिवसांत मन लावून केलेलं हे एकच काम.

२१ नोव्हें.

चॅनलवाल्याचं उत्तर. "फोटो भारी आहे. पण यात दुःख कुठे आहे?"

बाबाच्या कंबरेत आहे. ते फोटोत येत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

हार नसन तर व्हिडिओ घेत नाही, असं शेवटचं सांगतलं त्यानं. सुमेध दोन घास खाऊन उठला. बाबानं इचारलं तवा सगळं भडभडा बोलला. माय नळावर गेलती.

बाबा म्हणे, "मंग लाव ना हार. हारानं कोनी मरते का? फक्त मायले सांगू नका."

मले राग आला तो बाबाचाच. जिनिंगमधी कोणी वाकडं बोललं तरी चालते, पोरानं मेलेला दाखवला तरी चालते. या माणसाले कशालेच नाही म्हणता येत नाही. हेही आठवलं, की माह्या बारावीनंतर शिकायचं तेवढं त्याले नाही म्हणता आलं. जाऊ दे.

२७ नोव्हें., बुध.

केलं. सुमेध रोज येऊन खुर्चीमागं उभा राह्यते, नुसता श्वास ऐकू येते. शेवटी नमुना म्हणून हाराचं एक केलं. दुकानाची श्रद्धांजलीची फाइल उघडली, आधीच्या माणसाचं नाव अन् फोटो काढला, बाबाचा बिनगॉगलचा बसवला. झेंडूचा हार तयारच असते. खाली 'शोकाकुल' होतं ते तसंच राह्यलं. तिथंच सेव्ह केलं अन् घरी आली, डोकं दुखत होतं.

२८ नोव्हें., गुरु.

झालं ते सगळं लिहून ठेवते.

आमच्या दुकानात मयतीच्या कामाले नंबर नसते. लग्न, वाढदिवस, पुढारी, सगळे थांबतात. श्रद्धांजलीची फाइल दिसली का छपाईच्या मशीनवरचा गजाननभाऊ ती आधी लावते, अन् इचारत कोणालेच नाही. दुःखाच्या घरी स्पेलिंग अन् साइज इचाराले फोन करायचा नाही, हा दुकानाचा जुना कायदा. मले माहीत होता. मीच नव्या पोरीले शिकवला होता.

सकाळी दुकानात पोचली तर दारात बाबा. माणसाएवढा. वाळाले टांगलेला, शाई ओली. खाली पाच-सहा जण चपला काढून उभे. गजाननभाऊनं माह्यासमोर हात जोडले. "ताई, सांगतलं बी नाही तुमी. जा घरी, दुकान मी पाहतो."

मी बॅनर ओढून काढला. उशीर झाला होता, कोणीतरी घरी सांगून आलं होतं. माय तशीच अनवाणी जिनिंगवर पळाली. बाबा गाडीवरून कापसाचे बोरे उतरवत होता. म्हणे, "काय झालं वं? पोरं बरे आहेत ना?" तिनं त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या अन् तिथंच रुईत बसली. हे मले तिथल्या हमालायनं सांगतलं. तिनं नाही.

३० नोव्हें., शनि.

आत्या कळंबवरून आलती. बाबाले दारात पाहून आधी रडली, मंग भांडली, मंग जेवली. माय माह्याशी बोलत नाही. ताट वाढते, माह्याकडं पाहत नाही. सुमेधवर ओरडते तरी. माह्यावर ओरडतही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

अन् वरून हे. लोक हात जोडून उभे आहेत असा बॅनरचा व्हिडिओ कोणीतरी काढला होता, तो ग्रुपवर फिरत फिरत पुण्याले पोचला. चॅनलवाला खूश. "हेच कव्हर. यात काहीही बदलू नका."

बाबा जिता आहे हे त्याले सुमेधनं सांगतलं का, इचारलं. सुमेध मोबाइलमधी पाहत राह्यला.

३ डिसेंबर, मंगळवार

सुमेधशी भांडण. मी म्हणलं, गाठीवरचं कव्हर दे, त्यात आपला बाप आहे, हारवाल्यात कोणाचाही आहे. त्याले नको असन तर दुसरा चॅनल शोध. तो म्हणे, "शोधले ना. सगळ्यायले हेच पाह्यजे."

मंग चप्पल घालता घालता बोलला. "ताई, बाबा एवढे वर्ष जित्ता आहे, कोनी पाह्यलं काय त्याले? बॅनरवर मेला तर आख्खं घाटंजी गाव उभं राह्यलं."

हाराची फाइल माह्याजवळ आहे, मी दिल्याशिवाय ती जात नाही. शुक्रवारपर्यंत पाठवा, चॅनलवाला म्हणे.

५ डिसेंबर, गुरुवार

उद्या सहा डिसेंबर, दुकानात पाय ठेवाले जागा नाही. गावोगावचे अभिवादनाचे बॅनर, मशीन सकाळपासून बंद नाही. मान आखडली.

दुपारून बाबा आला. दुकानात कधी येत नाही. आंघोळ केलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसाले तेल. गर्दी पाहून कोपऱ्यात उभा राह्यला. मी म्हणलं, काय झालं, मायनं पाठवलं का?

"नाही वं. तिले माहीत नाही." मंग हळूच म्हणे, "त्या बॅनरवरचा फोटो बरोबर नव्हता. गालफडं बसलेले. चांगला एक काढून घे, हाराचा."

बाबा, मी नाही करत ते, म्हणलं.

"कर ना. आता सुमेधच्या कामी येईन. मंग कधी खरंच लागन तवा तुह्या कामी येईन. त्या दिवशी रडता रडता फोटो शोधत कुठं बसशीन?"

गजाननभाऊ मशीनजवळून पाहत होता, त्यानं मान फिरवली. मी बाबाले मागच्या खोलीत नेलं, निळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं. कॅमेरा घेतला. फोकस लागेना, डोळ्यातच पाणी. त्यानं कॉलर सारखी केली, हात मांडीवर ठेवले, मंग उचलून पुन्हा जवळ घेतले.

"हसू का नको हसू?" त्यानं इचारलं.

बाहेर सुमेधचा आवाज आला, फाइल न्याले आला असन. बाबा माह्या तोंडाकडं पाहत तसाच बसून होता.