दुपारी तीननंतरचे दोष

१० नोव्हेंबर, सोमवार
वैनींनी सगळ्यांना हापिसात बोलावलं. टॅब भिंतीला टेकवला आणि वर ‘दोष’ लिवलंय त्यावर बोट ठेवलं. विणकरांची नावं सरासरा खालीवर झाली. जादा दोषवाला वर. शिवाप्पा. मग तीन महिन्यांचं एकदम काढलं. तरी शिवाप्पाच.
वैनी म्हणाल्या, “एक तारखेला बसू. तीन महिने सलग जो वर, त्याचे माग दुसऱ्याला द्यायचे, असं मामांचं म्हणणं आहे.” मामा म्हंजे आमचे मालक, वैनींचे सासरे. ते खुर्चीत बसून नुसते मान हलवत हुते.
शिवाप्पाचे माग तीन आणि चार, दाराजवळचे. पंचवीस वर्सं तेच. शिवाप्पा भाईर येऊन तंबाखू मळत मला ऐकू जाईल असं म्हणला, “डोळेवाली बाई हाय आमची. तिच्या डोळ्यात मीच तेवढा खुपतो.”
मी म्हंटलं, तारा सोडू नको, न्हाय खुपणार.
साड्या मी तपासते, दोष मी लिवते. म्हंजे ती यादी माझ्याच हातची.
ही वही पण दोषांचीच. टॅब आल्यावर अर्धी कोरी राह्यली. वैनी रद्दीत टाकत हुत्या, मी उचलली. माग, विणकर, दोष, शेरा असे रकाने पाडलेत, त्यावरनंच आडवं लिवते. चौथीपातूर शिकले, तेवढ्यात भागतं.

११ नोव्हें., मंगळ
चहाला कुणी हाक मारली न्हाय. शेडमधी मी आले की बोलणं बंद. माग चालूच, त्या आवाजात तसंबी काय ऐकू येत न्हाय, पण तोंडं दिसतात.
मी डूख धरून लिवते असं म्हणतात. शिवाप्पा मला आवडत न्हाय, खरं हाय. मी नवीन आलते तवा ह्यानंच म्हंटलेलं, बाईमाणसाला ताण्यातलं काय कळतंय. ते मी इसरले न्हाय. पण नसलेली गाठ मी आजवर लिवली न्हाय. देवाची आण.
लिवली न्हाय न्हवं?

१३ नोव्हें., गुरु
आज टॅब उघडला तर सगळे विणकर गायब. एकटा शिवाप्पा आणि त्याच्याच साड्या. म्हंटलं, गेलं, माझं बोट कुठंतरी लागलं आणि तीन महिन्यांचं पुसलं. पळत वैनींकडं.
त्या हसल्या. “काकू, काल मी फिल्टर लावला होता, काढायचा राहिला.”
प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर नरसाळ्यासारखं चिन्न हाय. ते दाबलं की इचारतं, काय बघायचंय. सांगितलं तेवढंच ठेवतं. लावलं की नरसाळं निळं हुतं.
“बाकीचं कुठं जात नाही, नुसतं झाकलं जातं,” म्हणाल्या. “काम झालं की काढून टाकायचा. मी तर टॅब हातात घेतला की आधी तेच करते, बघायच्याही आधी.”
बाई हुशार हाय. मला दोनदा करून दाखवलं, रागावली न्हाय. फकस्त माग कुठल्या हातानं बंद करायचा ते अजून ठाव न्हाय तिला.

१५ नोव्हें., शनि
निपाणीच्या दुकानानं सात साड्या परत धाडल्या. सातीच्या साती महेशच्या, माग अकरा-बारा. सातीवर माझा शेरा ‘बरोबर’. दोष शून्य.
वैनी: “वाटेत झालं असेल का हो?”
मी व्हय म्हंटलं. तोंडातनं गेलं.
वाटेत डाग पडंल, काठ चुरगळंल. तार कशी जाईल वाटेत.

१६ नोव्हें., रवि
त्यातली एक घरी आणलेली. सकाळी उंबऱ्यात बसून उनात धरली. पदराला लागून वीतभर फट. दोन तारा न्हाईत. आंधळ्यालाबी दिसंल.
ही माझ्या हातनं कशी गेली?
ह्यांनी इचारलं, सुट्टीदिवशी साडी कशाला आणलीस. मी वसकन अंगावर गेले. बिचारे माणूस, चहाचा कप घेऊन मागल्या दारी गेले.

१७ नोव्हें., सोम
एक रकाना मी कधी वाचला नव्हता. वेळ. साडी तपासून बटण दाबलं की टॅब आपणच वेळ घालतो.
वैनी जेवायला गेल्या तवा वेळेवर नरसाळं लावलं. आधी सकाळचं. बारापातूरचं. गाठी, तारा, डाग, सगळं भरलेलं.
मग तीननंतरचं.
शून्य. शून्य. शून्य. कुठं एखादा तेलाचा मोठा डाग. बाकी शून्य. एकट्या महेशचं न्हाय, तीननंतर ज्याची साडी माझ्या हातात आली त्याचं.
एक दिस सकाळी लाइट न्हवती, शिवाप्पाच्या साड्या चार वाजता आल्या. त्यालाबी शून्य.
मी दारापासनं सुरवात करते. तीन-चार नंबर जवळ, म्हणून त्याच्या साड्या पयल्या. आत आत जात अकरा-बारा नंबर संध्याकाळी, ट्यूबखाली. अकरा वर्सं असंच. कुणी सांगितलं न्हवतं. पायाला सोपं पडतं म्हणून.
नरसाळं काढलं. दोनदा दाबावं लागलं.

१८ नोव्हें., मंगळ
वैनींना म्हंटलं, माझ्या टेबलावर उजेड कमी पडतोय. त्यांनी संध्याकाळच्या आत नवी पांढरी दिव्याची पट्टी लावून दिली. झगझगीत. तिच्याखाली तारा दिसायच्या सोडून सगळ्याभवती पिंजारलेला कापूस दिसतोय.
“आता बरं ना काकू?”
लई बरं, म्हंटलं.

१९ नोव्हें., बुध
उलटं केलं. आज सकाळी आधी अकरा-बारा. महेशच्या पयल्याच साडीत तीन दोष. दुसरीत दोन. शिवाप्पाच्या साड्या चारनंतर.

२१ नोव्हें., शुक्र
तीन दिसांत यादी फिरली. ह्या आठवड्याचं काढलं तर महेश वर.
तो आला टेबलाशी. पोरगा बरा हाय, गेल्या साली लगीन झालंय. “मावशी, माझं काय चुकलं? काय ऐकलंस का माझ्याबद्दल?”
मी म्हंटलं, काम नीट कर.
“तसंच करतोय की मावशी. तेच हात, तेच माग.”
खरं हाय त्याचं.
दुपारी शिवाप्पा. मला वाटलं खूश असंल. टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राह्यला. “सुमाक्का, काल माझ्या साड्या तपासल्यास?”
व्हय.
“तिसऱ्या साडीत काठाजवळ गाठ हाय. माझ्या हातनं राह्यली. मला म्हाईत हाय. तू शून्य लिवलंस.”
मी पुढची साडी ओढली.
“दया करतीस व्हय माझ्यावर? मला नको तुझी दया.”
दया असती तर बरं झालं असतं.

२३ नोव्हें., रवि
निपाणीला आक्काकडं, थोरल्या बहिणीकडं. तिच्या गल्लीत डोळ्यांचं फुकट शिबिर हुतं. ह्यांना सांगितलं आक्काला बरं न्हाय. आक्का दारातच म्हणाली, “मला बरं न्हाय म्हणं? फोन आलता तुझ्या नवऱ्याचा.”
डॉक्टरीण लहान वयाची. बत्ती मारून बघितलं. मोतीबिंदू. डावा पिकलाय, उजव्यात सुरवात. उजेड कमी झाला, डोळे शिणले की जादा अंधुक दिसणार. वर झगझगीत दिवा असला तर आणिकच पसरतं. ऑपरेशन सोपं म्हणाली. दोन्ही डोळे हुस्तवर महिनाभर तरी बारीक काम करायचं न्हाय.
आक्का बसस्टँडपातूर सोडायला आली. “मी दिवाळीतच वळखलं. तू निवडलेल्या तांदळाचा भात मी खाल्ला, तीन खडे लागले.”
तवाच सांगायचं की.
“तुला? तुला कोण सांगणार गं, तू कुणाचं ऐकतीस?”
बसमधी बसले आणि एक डोळा झाकून समोरची पाटी वाचली. मग दुसरा झाकून. शेजारची बाई सरकून बसली.

२४ नोव्हें., सोम
सांगितलं तर काय हुईल. महिनाभर टेबल रिकामं कोण ठेवतंय. कुणीतरी बसंल, आणि बसलेलं माणूस उठवायचं कशाला म्हणतील. मी पुन्हा सुताच्या कांड्या भरायला मागच्या खोलीत. तिथनंच वर आलते. कांड्या भरायला डोळे लागत न्हाईत.
न सांगितलं तर शिवाप्पाचे माग जातात.
मधलं काय करता येतं का बघितलं. एक दिस दारापासनं, एक दिस आतनं. म्हंजे सगळ्यांवर सारखा अन्याव. आणि दुपारच्या साड्या तशाच दुकानात जाणार, तशाच परत येणार.

२६ नोव्हें., बुध
शिवाप्पाला सांगितलं. दुसऱ्या कुणाकडनं कळण्यापरीस. त्यो नळावर हात धूत हुता. सगळं सांगितलं, दारापासनं तपासते ते, वेळेचा रकाना, निपाणी, डॉक्टरीण. मला वाटलं शिव्या देईल. शिव्या द्यायला हव्या हुत्या.
त्यानं टॉवेलनं हात पुसले. मग म्हणला, “सकाळी लिवलेले दोष, ते हुते का? का तेबी अंदाजानं?”
म्हंटलं, हुते. एकेक हुता.
“मग ते माझेच. ते काय मी दुसऱ्याच्या नावावर घालत न्हाय.” टॉवेल खांद्यावर टाकला. “पण बाकीच्यांचे कुठं गेले ते तू सांग त्यास्नी. मी सांगणार न्हाय. मी सांगितलं तर म्हणतील, माग वाचवायला बाईचे डोळे काढले.”
जाता जाता म्हणला, “आणि मी समजत हुतो, तू डूख धरलास.”
मी म्हंटलं, धरलेला हाय. तो निराळा.
हसला. अकरा वर्सांत पयल्यांदा.

२८ नोव्हें., शुक्र
सांगितलं न्हाय. वैनी दोनदा समोर आल्या. एकदा तोंड उघडलं आणि म्हंटलं, घडीत घालायचा पुठ्ठा संपलाय.
मी. जी रस्त्यावर कुणालाबी तोंडावर सांगते.

२९ नोव्हें., शनि
चहाच्या सुट्टीत नरसाळं लावायचं आणि काढायचं, पाचसहा वेळा करून बघितलं. वेळ, तीननंतर. मग ‘दोष’वर बोट, कमी ते वर. पानभर शून्य येतात. त्याच्या शेजारी एक रकाना, ‘तपासणारा’. त्यात वरपासनं खालपातूर एकच नाव. सुमन, सुमन, सुमन.
बोलता आलं न्हाय तर एवढं तरी करता येतंय.

३० नोव्हें., रवि
ह्यांना सांगितलं. म्हणाले, मला ठाव हाय. सुईत दोरा मला ओवायला लावतीस ते काय मी तरुण दिसतो म्हणून?
घरात सगळ्यांना दिसत हुतं. मला सोडून.

१ डिसेंबर, सोमवार
टॅब मीच हापिसात नेला, नरसाळं लावून. मालक खुर्चीत, वैनी टेबलाशी. वैनींनी हातात घेतला आणि बोट सवयीनं निळ्या नरसाळ्याकडं गेलं. काढायला. बघायच्याही आधी.
मी मनगट धरलं त्यांचं. शिकल्यासवरल्या बाईचं, मालकाच्या सुनेचं. बांगड्या वाजल्या.
म्हंटलं, राहू द्या वैनी. बाकीचं झाकलेलंच असू दे, उरलंय ते वाचा आज. तीननंतरचं हाय. आणि तपासणाऱ्याचं नाव बघा. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, उजव्यात धरतोय. शिवाप्पा वर दिसतोय कारण त्याच्या साड्या मी दिसतंय तवर बघते.
एका दमात झालं. इतके दिस कशाला लागले कळंना.
मालक म्हणाले, “मग ह्या तीन महिन्यांत दुकानांना गेलेला माल?” मी म्हंटलं, तसाच गेला. वैनी यादी खाली सरकवत राह्यल्या. मग म्हणाल्या, “काकू, जरा बाहेर बसता?” आवाजावरनं काय कळलं न्हाय. दार लावून घेतलं.
पायरीवर बसलेय. वही पिशवीत हुती, ती काढली. साडेदहा झाले. आत मालकांचा आवाज चढतोय, मग वैनींचा, मग काय न्हाय. महेश शेडच्या दारात येऊन बघून गेला.
बैठकीसाठी माग बंद ठेवलेले. एक आताच चालू झाला. तीन नंबर. त्याचा इकडनं तिकडं पळणारा धोटा डाव्या अंगाला जरा ठोकतो, कान झाकूनबी वळखीन मी.
शिवाप्पा सकाळची उतरवलेली साडी घेऊन आला. मागावर बदली माणूस उभा करून आलता. पायरीवर उनात माझ्या मांडीवर टाकली.
म्हंटलं, आप्पा, माझं काय ठरलंय ते अजून आतच हाय. तुझंबी.
“ठरू दे. ऊन हाय तवर बघ.”
बघितली. सावकाश, काठ, अंग, पदर. टॅब आत हाय, म्हणून हितंच लिवते, रकान्यात.
माग ३. शिवाप्पा. दोष १, तार, पदराला चार बोटं सोडून. शेरा: त्याला दाखवली, कबूल.
वेळेचा रकाना ह्या वहीत न्हाय. समासात घातली. पावणेअकरा.